सातवा सराव पाठ

तुस्कानो सरांनी हात पुढे केला,
म्हणाले, शिट्टी द्या.
मी गळ्यातून काढून दिली.
दोरीची जागा मानेवर ओली राहिली.

वडाळ्याचं मैदान, म्हणजे
महापालिकेच्या शाळेमागचा मातीचा चौकोन.
एका अंगाला सिमेंटची टाकी,
दुसऱ्या अंगाला बांधकामाचा हिरवा पडदा,
आणि वरून अधूनमधून मोनो जाते, बहुधा रिकामीच,
तेव्हा अख्खी सहावी ब तिला हात हलवते.
सहा पाठांत मला हे थांबवता आलं नव्हतं.

सहाही पाठांचे शेरे मला तोंडपाठ आहेत.
आवाज खणखणीत. आज्ञा स्पष्ट. रांगा सरळ.
आणि शेवटच्या रकान्यात, मुलांशी संवाद,
सहा वेळा एक आडवी रेघ.
पेन्सिलीची. खोडता येईल अशी.

मागच्या आठवड्यात वर्गात आम्हाला जोड्यांनी बसवलं होतं.
दोन मिनिटं समोरच्याचं ऐकायचं,
मध्ये बोलायचं नाही. एवढंच.
माझ्यासमोर उमाजी लोखंडे. घरचं काहीतरी सांगू लागला.
नऊ मिनिटांचा डाव मी एकटीने पळून काढलाय,
गुडघा सुजलेला असताना, जिल्ह्याच्या संघात.
इथे चाळिसाव्या सेकंदाला म्हणाले,
अरे, माझंपण अस्संच झालेलं!
त्याने वाक्य तिथेच सोडलं.

शिट्टी नाही, मग काय करायचं?
टाळी वाजवली. ती उन्हात विरली.
सावधान म्हणाले. अर्धे झाले,
उरलेल्यांना मोनो दिसली.
मग मीही मोनोला हात हलवला,
खरं तर दुसरं काही सुचेना म्हणून.
एकवीस तोंडं एकदम माझ्याकडे वळली.

बाविसावी टाकीच्या सावलीत.
हजेरीला मी तिला आजवर एकोणीस म्हणत आले.
एकोणीस? पोट दुखतंय, बाई.
दर पाठाला दुखणारं ते पोट
माझ्या टाचणात कुठेच बसत नव्हतं.

गेले, आणि तिच्याजवळ उकिडवी बसले.
इथून मैदान वेगळं दिसतं,
पाय जास्त, चेहरे कमी,
आणि उभं राहिलं की आपण केवढे होतो
ते कळतं.
नाव काय?
घेगडमल.
ते आडनाव झालं.
ती गप्प. मी सवयीने मोजत होते.
चाळीस गेले, साठ गेले,
पुढे मोजायचं राहूनच गेलं.

उत्कर्षा, ती म्हणाली.
आणि मग मातीकडे बघत,
खो देताना ते पाठीत मारतात, बाई.

दहा वर्षं खेळले मी.
पाठीवर हिरवंनिळं उठायचं, आम्ही ते मिरवायचो.
हे मारणं आहे
असं कुणी म्हणालं नव्हतं, मीही नाही.

मी वळून तिच्याकडे पाठ केली.
मला दे खो.
वेळ गेला. मग दोन बोटं टेकली,
झोपलेल्या धाकट्याला उठवतात तशी.
आवाज आलाच नाही. पण खो लागला.
मी उठले. नियमाप्रमाणे.

त्या दिवशी डाव झालाच नाही.
सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीला नुसते खो दिले,
आधी हसत, मग मारत, मग पुन्हा हसत.
विक्रांत खैरमोडेला तीनदा सांगावं लागलं,
चौथ्यांदा उत्कर्षाने सांगितलं, लांबूनच.
ती आली नाही खेळायला.
फक्कीचा डबा मात्र मागून घेतला
आणि मधली रेघ पुन्हा मारली,
टाकीपासून निघालेली,
खांबाला चुकवून गेलेली.

सरांनी लिहिलं,
डाव नाही. वेळेचं नियोजन नाही. रेघ वाकडी.
शेवटच्या रकान्यात, चालू आहे.
शिट्टी परत द्यायला विसरले. मीही मागितली नाही.

संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर उमाजी बूट घासत होता.
विचारलं, त्या दिवशी तू काय सांगत होतास?
म्हणाला, जाऊ दे, आठवत नाही आता.
बूट घासत राहिला.
मी तिथेच बसले, खालच्या पायरीवर.